भरपगारी सण

दिवाळी अंकात दिवाळीवर लिहू नये, असा माझा जुना नेम आहे. चकलीचा तुकडा तोंडात असताना चकलीचे वर्णन कोण वाचतो? म्हणून यंदा या सदरासाठी मी सणच घेतला आहे, पण जरा निराळा. या सणाला देव नाही, व्रत नाही, कहाणी नाही. पंचांगात त्याची तिथी सापडणार नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मात्र तो लाल आकड्यात छापलेला असतो आणि जगातले कितीतरी देश तो पाळतात. तो सण म्हणजे १ मे, कामगार दिन.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, मी बाळकुमचा रहिवासी आहे आणि आयुष्याची तीस वर्षे मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली आहेत. कामगार फाटकातून आत आला की त्याचे कार्ड पंच होई, बाहेर पडला की पुन्हा होई, आणि मधल्या तासांचा हिशेब माझ्याकडे असे. लोकांना घड्याळात वेळ दिसते, मला अजून हजेरी दिसते. १ मे हा सण मुळात घड्याळावरून झालेल्या भांडणातून जन्मला, म्हणून तो मला घरचा वाटतो.

भांडण साधे होते. दिवसाचे तास चोवीस. त्यांतले मालकाचे किती आणि माणसाचे किती? ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरी इमारतींचे दगड घडवणाऱ्या पाथरवटांनी १८५६ च्या एप्रिल महिन्यात हत्यारे खाली ठेवली, मोर्चा काढला आणि आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास ज्याचे त्याला, अशी ही वाटणी. पुढे तीस वर्षांनी, १ मे १८८६ रोजी, अमेरिकेतल्या कामगारांनी हीच मागणी घेऊन देशभर संप केला. ४ मे रोजी शिकागोच्या हेमार्केट चौकात सभा चालू असताना पोलिसांवर बॉम्ब पडला. तो कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही. तरी आठ जणांवर खटला चालला आणि ११ नोव्हेंबर १८८७ रोजी त्यांतले चौघे फासावर गेले. १८८९ साली पॅरिसला भरलेल्या समाजवाद्यांच्या परिषदेने ठरवले की, १ मे १८९० रोजी सगळ्या देशांतल्या कामगारांनी एकाच दिवशी आठ तासांची मागणी करायची. एकदा केलेली गोष्ट लोकांना आवडली आणि तिची प्रथा पडली. सणांचे असेच असते.

आता गंमत अशी की, युरोपात ही तारीख रिकामी नव्हती. तिकडे मे महिना म्हणजे वसंत. बर्फ गेलेले, झाडांना पालवी आलेली. जर्मनीतल्या खेड्यांत आजही या दिवशी चौकात उंच खांब उभारतात आणि त्याला हिरवे तोरण आणि रंगीत फिती बांधतात. आपल्या गुढीची थोरली बहीणच म्हणा. म्हणजे कामगारांचा दिवस जुन्या वसंतोत्सवाच्या अंगणात येऊन बसला, आणि दोघांचे इतके जुळले की कोण यजमान आणि कोण पाहुणा हे ओळखू येईनासे झाले.

फिनलंडमध्ये या सणाला 'वाप्पू' म्हणतात. आदल्या संध्याकाळी हेलसिंकीच्या बंदराजवळच्या एका स्त्रीच्या पुतळ्याच्या डोक्यावर विद्यार्थी आपली पांढरी टोपी चढवतात आणि सणाला तोंड फुटते. शालान्त परीक्षा चाळीस वर्षांपूर्वी पास झालेले आजोबाही त्या दिवशी कपाटातली पिवळी पडलेली टोपी काढून घालतात. घरोघर लिंबू, साखर आणि यीस्ट यांचे एक फसफसणारे पेय करतात. बाटलीत चार बेदाणे टाकायचे. ते तरंगून वर आले की पेय तयार झाले म्हणून समजायचे. त्याच्याबरोबर खायला पीठ पातळ भिजवून, त्याची धार तेलात गोल गोल सोडून तळलेला एक पदार्थ असतो. पाकात न घातलेली आणि पिठीसाखर भुरभुरलेली आपली जिलबीच ती. विद्यार्थ्यांचा गोंधळ आणि कामगारांचा मोर्चा एकाच शहरात चालू असतो आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही.

फ्रान्समध्ये त्या दिवशी एकमेकांना फूल देतात. पांढऱ्या, घंटेसारख्या इवल्या फुलांची एक डहाळी. एरवी रस्त्यावर विक्री करायला परवाना लागतो, पण त्या एका दिवशी कोणीही चार डहाळ्या घेऊन कोपऱ्यावर उभे राहावे, पोलीस हटकत नाही. त्या देशात इतर सणांच्या दिवशी काम घेता येते, पण १ मेला भरपगारी सुटी कायद्यानेच सक्तीची आहे. इस्पितळे, आगगाड्या अशी अडलेली कामे तेवढी सोडायची. या फुलामागेही रक्त आहे. १८९१ साली फुर्मी या गिरणगावात १ मेच्या जमावावर सैन्याने गोळ्या झाडल्या आणि नऊ माणसे मेली. त्यांत कोवळी पोरे होती.

इटलीत रोमकर या दिवशी गावाबाहेर सहलीला जातात. शेंगांतून ताज्या सोललेल्या घेवड्यासारख्या बिया आणि मेंढीच्या दुधाचे चीज, एवढेच जेवण, आणि तेवढ्यासाठी माणसे वर्षभर वाट पाहतात. संध्याकाळी कामगार संघटनांतर्फे मोठा गाण्याचा जलसा होतो. रशियात एकेकाळी लाल चौकातून प्रचंड संचलन निघे. १९९२ पासून या दिवसाचे सरकारी नावच 'वसंत आणि श्रम यांचा सण' असे आहे, आणि पुष्कळ कुटुंबे झेंड्याऐवजी फावडे घेऊन गावाबाहेरच्या आपल्या लाकडी घरी बटाटे लावायला जातात. चीनमध्ये हल्ली या निमित्ताने सलग पाच दिवस सुटी असते आणि आगगाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. मात्र त्यांतले काही दिवस मागच्या-पुढच्या शनिवारी-रविवारी काम करून भरून द्यावे लागतात. टाइम ऑफिसच्या माणसाला हा हिशेब फार ओळखीचा वाटतो. सुटी दिली खरी, पण उसनी.

ज्या अमेरिकेत हे सारे घडले, तिथे मात्र १ मेला सुटी नाही. तिथला कामगार दिन १८९४ च्या कायद्याने सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी ठेवला आहे, आणि शिकागोच्या आठवणी निघू नयेत ही त्यामागची एक सोय होती. १९५८ साली तिथल्या काँग्रेसने १ मेला 'निष्ठा दिन' असे नाव देऊन टाकले. तुर्कस्तानात १९७७ साली इस्तंबूलच्या तक्सीम चौकात १ मेच्या सभेवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चेंगराचेंगरीत तीसहून अधिक माणसे गेली. मग लष्करी राजवटीत सुटीच रद्द झाली, ती २००९ साली परत आली.

पण मला सर्वांत बोध झाला तो जर्मनीच्या गोष्टीतून. जर्मन कामगार कित्येक वर्षे १ मेची भरपगारी सुटी मागत होता. ती त्याला १९३३ साली मिळाली. दिली कोणी? हिटलरने. बर्लिनच्या टेम्पलहोफ मैदानावर लाखोंचा सोहळा झाला, रात्री शोभेचे दारूकाम झाले. दुसऱ्या दिवशी, २ मे रोजी, देशभरातल्या कामगार संघटनांच्या कचेऱ्यांत नाझी सैनिक घुसले, पुढाऱ्यांना पकडले आणि संघटनांचे पैसे ताब्यात घेतले. सण एका दिवसाचा झाला आणि जे मिळवायला सण होता ते दुसऱ्या दिवशी गेले. वाचकहो, बक्षीस म्हणून मिळालेली सुटी आणि हक्काने मिळवलेली सुटी दिनदर्शिकेत सारखीच लाल दिसते. फरक कळतो तो दोन तारखेला.

आता घरी येऊ. भारतात १ मे प्रथम साजरा झाला तो मद्रासला, १९२३ साली, सिंगारवेलू चेट्टियार यांच्या पुढाकाराने समुद्रकिनाऱ्यावर सभा घेऊन. हे पुष्कळांना माहीत असते. पण त्याच्या कितीतरी आधीची, आपल्या ठाण्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. मॅट्रिकपर्यंत शिकून त्यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली, मग मुंबईच्या एका गिरणीत ते स्टोअरकीपर झाले. जोतीराव फुल्यांचे ते अनुयायी, सत्यशोधक आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक. गिरणीत त्यांनी काय पाहिले? उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रे चालू आणि आठवड्याची म्हणून सुटी नाही. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवले. त्यातल्या मागण्या आज वाचल्या म्हणजे मन गलबलते. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास जेवायला मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाल्यास भरपाई मिळावी. माणसे आठ तास मागत नव्हती, फक्त सूर्य मावळल्यावर घरी जाऊ द्या म्हणत होती!

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. तारीख पुन्हा वाचा. युरोपातला पहिला १ मे त्यानंतर बरोबर सात दिवसांनी उगवला. पॅरिसच्या ठरावाची वाट न पाहता आमच्या गिरणीतली माणसे आपल्या हिशेबाने तिथेच येऊन पोचली होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याच्या सुटीची तरतूद आली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कामगाराला तो मोकळा हवा, असे लोखंडे म्हणत, असेही सांगतात. १८९७ साली प्लेगच्या साथीत त्यांचे निधन झाले. आपण रविवारी सकाळी दुसरा चहा घेताना त्यांचे नाव घेत नाही, पण तो दुसरा चहा त्यांचाच आहे. आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा यायला मात्र १९४६ साल उजाडावे लागले. तिचा पाया डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना घातला गेला.

१९६० साली या तारखेवर आणखी एक सण येऊन बसला, तो महाराष्ट्र दिन. युरोपात कामगार दिन वसंताच्या अंगणात आला, आपल्याकडे कामगार दिनाच्या अंगणात महाराष्ट्र आला. तो परका नव्हता. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्या १०६ जणांनी प्राण दिले त्यांत कामगार पुष्कळ होते, आणि १९६१ साली मुंबईत हुतात्मा चौकात जे शिल्प उभे राहिले त्यात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगारच आहेत. पण घरात नवी सून आली की जुनी कोपऱ्यात बसते तसे झाले. सकाळी झेंडावंदन, शिवाजी पार्कवर संचलन, जिलबी, आणि कित्येक वर्षे त्याच दिवशी शाळेचा निकाल. आमच्या पिढीच्या मुलांना विचारा, १ मे म्हणजे काय? ती सांगतील, निकालाचा दिवस. तिकडे वसंत, इकडे वैशाखाचे ऊन आणि हातात प्रगतिपुस्तक!

आमच्या बाळकुमला तरी या दिवसाची आठवण राहायला हवी. खाडीकाठचे हे जुने कोळी-आगऱ्यांचे गाव, १९८२ साली ठाणे महानगरपालिकेत आले. कोळ्याला घड्याळ लागत नाही, भरती-ओहोटी हीच त्याची पाळी. पण कोलशेत रस्त्याला सँडोज, बायर असे कारखाने आले, पलीकडे पोखरण रस्त्यावर १९२५ पासून चालणारी रेमंडची लोकरीची गिरणी होती, आणि गावातली पोरे पाळीवर जाऊ लागली. भोंगा झाला की घरातली चूल कळत असे, कोण आता जेवायला येणार ते. १ मेला फाटकाशी लाल झेंडा लागे, नारळ फुटे, युनियनचा पुढारी तास-तासभर बोले आणि आम्ही टाइम ऑफिसवाले त्या दिवशी कार्डावर काहीच न छापता पगार लावत असू. वर्षातला तो एकच रिकामा चौकोन मला फार देखणा वाटे.

रेमंडची गिरणी २००९ साली बंद झाली. कोलशेतचे जुने कारखानेही गेले. त्यांच्या जमिनीवर तीस-तीस मजली इमारती उभ्या आहेत, आणि एका मजल्यावर पूर्वीच्या एका चाळीएवढी माणसे राहतात. भोंगा गेला, त्याच्या जागी लिफ्टची घंटी आली. कारखाने गेले म्हणून कामगार गेले काय? मुळीच नाही. ते फक्त दिसेनासे झाले. कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागा. मागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि जेवढे कापड तेवढा पैसा. काल्हेर-पूर्ण्याच्या गोदामांत दिवाळीच्या सेलच्या दिवसांत रात्रभर खोकी हलत असतात, म्हणून तुमचा-आमचा आकाशकंदील दारात वेळेवर येतो.

१ मे २०२० हा दिवस मी विसरू शकत नाही. महाराष्ट्राला साठ वर्षे पूर्ण झाली होती, पण टाळेबंदीमुळे सोहळा नव्हता. त्याच तारखेला तेलंगणातल्या लिंगमपल्लीहून झारखंडकडे पहिली श्रमिक विशेष गाडी सुटली. त्या दिवसांत आमच्या माजिवड्यावरून जाणाऱ्या नाशिकच्या महामार्गाने माणसे डोक्यावर बोचकी घेऊन चालत होती. कामगार दिनाचे एवढे मोठे संचलन ठाण्याने पूर्वी पाहिले नव्हते, आणि त्यात एकही झेंडा नव्हता.

हल्ली घड्याळाचे काटे उलटेही फिरू लागले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. जादा तासांना कामगाराची लेखी संमती लागेल, असे त्यात म्हटले आहे. मी तीस वर्षे टाइम ऑफिसात होतो. साहेबाने कागद पुढे सरकवल्यावर संमती कशी मिळते, हे मला कोणी शिकवायला नको.

आता शेवटची गोष्ट, आमच्याच इमारतीची. गेल्या १ मेला सालाबादप्रमाणे झेंडावंदन झाले. अध्यक्षांनी हुतात्म्यांवर चांगले भाषण केले. खुर्च्या मांडल्या होत्या रात्रपाळीच्या वॉचमनने. बारा तास उभे राहून झाल्यावर तो थांबला होता, कारण त्याचा बदली यायचा होता. पोरगा परभणीकडचा. जिलबीची पुडी त्याच्या हातात देत मी विचारले, "काय रे, तुझी सुटी कधी?"

"सुटी म्हणजे खाडा, काका," तो म्हणाला. "आणि खाडा म्हणजे पगार कट."

तेवढ्यात धुणेभांड्याच्या मावशी फाटकातून आत आल्या. सजावट पाहून त्यांनी विचारले, "भाऊ, आज काय हाय?" मी म्हटले, "मावशी, आज कामगारांचा दिवस. सुटी असते." त्या हसल्या. "कुनाला?" म्हणाल्या आणि लिफ्टकडे गेल्या. २००८ साली घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा या राज्यात झाला आहे. पण माझ्यापाशी त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

पुढच्या सभेत मी ठराव मांडला की, येत्या १ मेला वॉचमन, सफाईवाले आणि घरकामाच्या बाया यांना भरपगारी सुटी द्यावी. लगेच एक गृहस्थ उठले. "आपण दिवाळीला पाकीट देतो की!" देतो, अवश्य द्यावे. पण पाकीट ही आपली मर्जी आहे. दिले तर उपकार, नाही दिले तर कोणी विचारणार नाही. सुटीला आभार मानावे लागत नाहीत, म्हणूनच ती द्यायला आपल्याला जड जाते. दुसरे म्हणाले, "त्या दिवशी गेट कोण सांभाळणार?" मी म्हणालो, आपण. दोन-दोन तासांची पाळी, बारा माणसे लागतील. सभेत हशा पिकला. चिटणीसांनी विषय पुढील सभेत घ्यावा असे लिहून घेतले. मात्र सभा संपल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या एक वहिनी येऊन म्हणाल्या, "काका, दुपारी दोन ते चार माझे नाव लिहा. आणि आमच्या मावशींना मी आजच सांगते."

तेव्हापासून मी पुन्हा टाइम ऑफिस उघडले आहे. वहीत रेघा आखून बारा चौकोन केले आहेत. पहाटे चार ते सहा हा चौकोन माझा, कारण त्या वेळी कोणी येत नाही आणि म्हाताऱ्याला झोपही येत नाही. आजपर्यंत सात नावे आली आहेत. पाच चौकोन रिकामे आहेत, आणि १ मेला अजून सहा महिने अवकाश आहे. दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला जे जे भेटतात, त्यांच्यापुढे मी फराळाआधी ती वही ठेवतो.